निदानाआधीचे मूल



ज्या मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे, त्याच्याविषयी मराठीत आता बरेच छापून येते. मला आज बोलायचे आहे ते त्याच्याही आधीच्या मुलाविषयी. दोन-अडीच वर्षांचे मूल. हाक मारली तर वळून पाहत नाही, पण आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की धावत येते. चार शब्द आले होते ते गेले, किंवा आलेच नाहीत. नवा सदरा घातला की अंगातून ओरबाडून काढते, भातात वरण कालवले की ताट लोटते, कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात दाबून पलंगाखाली शिरते. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, शंका घ्यायला जागा आहे, पण एवढ्यात काही सांगता येत नाही. सहा महिन्यांनी दाखवा. आजी म्हणते, याचा काकाही चौथ्या वर्षी बोलला. शेजारीण कुठल्याशा केंद्राची जाहिरात मोबाईलवर पाठवते. आणि मूल झोपल्यावर आईवडील इंटरनेटवर लक्षणांच्या याद्या वाचत बसतात; पाच लक्षणे जुळतात, पाच जुळत नाहीत. हा 'असेल किंवा नसेल'चा काळ महिनोन्महिने चालतो, आणि मुलाच्या वाढीचा वेगाचा काळही नेमका तोच असतो.

या काळात आईवडिलांनी करायचे काय? घराघरांत याची दोनच उत्तरे ऐकू येतात. एक, वाट पाहा, आपोआप सुटेल. दुसरे, आधी काय ते एकदाचे ठरवून घ्या, मग उपचारांचे बघू. वरवर पाहता ही उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण दोन्ही एक गोष्ट धरूनच चालतात: निदान होईपर्यंत मुलासाठी वेगळे काही करायचे नसते. माझा विरोध या गृहीतकाला आहे. मुलाला काय सोसते आणि काय सोसत नाही हे आज, याच घरात, डोळ्यांना दिसते. ते पाहून घर आणि आपले वागणे बदलायला कुणाच्या सही-शिक्क्याची गरज नाही. निदानाची मला किंमत आहे आणि ती कशासाठी, हे मी पुढे सांगणार आहे. पण मुलाला समजून घेण्याचे काम त्या कागदामागे रांगेत उभे केले की वाया जातात ते मुलाचे दिवस.

काय सोसते आणि काय सोसत नाही याचा, म्हणजे संवेदनांचा, हा धागा नवा नाही. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांविषयी जो निबंध लिहिला, तिथून ऑटिझमच्या अभ्यासाचा आरंभ मानतात. (मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२०च्या दशकातच अशा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली होती, पण इतिहास बहुधा इंग्रजीत छापले गेले त्याचाच लिहिला जातो.) कॅनर यांचा निबंध सांगितला जातो तो मुलांचे एकटेपण आणि सगळे जसेच्या तसे राहावे हा त्यांचा आग्रह यांसाठी. त्यातले दुसरे एक निरीक्षण मात्र मागे पडले. ही मुले व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, नळाचे वाहते पाणी, अंडी फेटण्याचे यंत्र, कधी कधी तर नुसता वारा यांनीही भेदरत होती. व्हॅक्यूम क्लीनर ज्या कपाटात ठेवला आहे त्या कपाटाच्या जवळ जायलाही एक मूल तयार नव्हते. आणि हीच मुले स्वतः तेवढाच मोठा आवाज मजेत करत असत. कॅनर यांनी यातून काढलेला निष्कर्ष फार मोलाचा आहे: मुलाला छळतो तो आवाज नव्हे, त्याच्या जगात न विचारता घुसलेला आवाज. पुढची सत्तर वर्षे निदानाच्या मुख्य निकषांत या गोष्टीला मान मिळाला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा कुठे संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद हा ऑटिझमच्या निकषांपैकी एक म्हणून नोंदवला गेला.

अतितीव्र आणि अतिमंद हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत, कारण एकाच मुलात दोन्ही नांदतात आणि घरच्यांचा गोंधळ तिथेच उडतो. लेबल टोचले म्हणून आकांत करणारे मूल गुडघा फुटून रक्त आले तरी रडत नाही. चड्डी ओली झाल्याचे त्याच्या लक्षात येत नाही, भूक लागल्याचे कळत नाही, पण फोडणीच्या वासाने ते घराबाहेर पळते. कुणी तासभर गरगर फिरते, कुणी गादी आणि भिंत यांच्या फटीत स्वतःला कोंबून घेते, कुणी आल्या-गेल्याचे केस हुंगते. 'एवढे रक्त आले तर काही नाही, आणि सदऱ्यासाठी एवढा तमाशा?' असे म्हणणाऱ्या आजोबांचा तर्क चुकीचा नाही. त्यांना मिळालेली माहिती अपुरी आहे. एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. नुसत्या संवेदनांच्या तक्रारीवरून ऑटिझम ठरत नाही. ज्यांना ऑटिझम नाही अशा मुलांतही त्या असतात. ऑटिझम म्हणायला इतरांशी देवाणघेवाण करण्यातली, संवादातली अडचण दिसावी लागते. म्हणूनच मी 'निदानाआधीचे मूल' म्हणतो आहे. आणि हाकेला ओ न देणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी सगळ्यांत आधी झाली पाहिजे, पुड्याचा आवाज त्याला ऐकू येत असला तरी.

आता एक संध्याकाळ जवळून पाहू. दोन खोल्यांचे घर, वेळ साडेसातची. मूल सकाळी बालवाडीत गेले ते पायमोज्याची शिवण बोटांवर घासत असताना. तिथे स्पीकरवर बडबडगीते, वर्गात पंचवीस मुले, डबा खाताना सगळ्यांच्या डब्यांचे मिसळलेले वास. येताना व्हॅनचा हॉर्न. दुपारी मावशी आली, तिने गालगुच्चे घेतले. आता ट्यूबलाइट मधूनमधून लुकलुकते आहे, टीव्हीवर मालिकेचे शीर्षकगीत, ओट्यावर मिक्सरमध्ये चटणी, कढईत मोहरी तडतडते आहे, दारावरची बेल वाजून बाबा आत येतात. मग कुकरची तिसरी शिट्टी होते, आणि मूल शेजारी बसलेल्या ताईच्या दंडाला कडकडून चावते. घरात मोठ्यांची दोन मते पडतात: 'शिट्टीला घाबरतो' आणि 'ताईवर जळतो'. दोघांनी पाहिले ते शेवटचे. 'सकाळी याच शिट्टीला काही झाले नव्हते, म्हणजे नाटक आहे' हा तिसरा निकाल तर सगळ्यांत अन्यायाचा. सकाळी शिट्टी झाली तेव्हा मूल रात्रभराच्या झोपेतून उठलेले होते. त्यानंतर दिवसभर वाण्याच्या वहीत उधारी चढावी तसे एकेक त्याच्या खात्यावर चढत गेले, आणि तिसऱ्या शिट्टीने वही संपली. मूल मुद्दाम करते की त्याच्याच्याने होत नाही, हा प्रश्न घटनेच्या क्षणाकडे पाहून सुटत नाही. त्याच्या आधीच्या सगळ्या तासांकडे पाहून बराचसा सुटतो.

म्हणून पहिले काम अगदी साधे आहे. एक वही करावी आणि दोन आठवडे लिहावे: काय झाले, किती वाजता, त्याच्या आधी कोण आले होते, कसला आवाज, कसला वास होता, अंगात काय होते, झोप किती झाली होती, पोट साफ झाले होते का. त्यातून एक नकाशा तयार होतो आणि तो प्रत्येक मुलाचा वेगळा असतो. मग बदल सुचू लागतात. कॉलरमागचे लेबल कापणे, सदरा उलटा घालणे, नवा कपडा चारदा धुऊन मगच अंगावर चढवणे. वरण आणि भात वेगवेगळ्या वाट्यांत वाढणे. स्वयंपाक चालू असताना टीव्ही बंद. जावळाचा मुहूर्त चुकला तरी चालेल, पण मशीनऐवजी कात्री, आणि ओळखीच्या मांडीवर. कॅनर यांच्या निरीक्षणाचा उपयोग इथे होतो: शिट्टी होण्याआधी 'आता शिट्टी होणार' असे सांगणे, मिक्सरचे बटण मुलाच्याच हातात देणे. आवाज तेवढाच राहतो, पण तो न विचारता येत नाही. याच्या जोडीला बोलण्याची रीत: लहान वाक्ये, वाक्यानंतर थांबणे, मूल ज्याकडे पाहते आहे त्यावर बोलणे, 'माझ्याकडे बघ' म्हणून हनुवटी न धरणे. यातल्या कशालाही प्रमाणपत्र लागत नाही, आणि ऑटिझम नसलेल्या मुलाचे यात काही बिघडत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. असे सगळे मुलाच्या कलाने घेतले तर ते लाडावेल. जग काही त्याच्यासाठी शिट्ट्या बंद करणार नाही, तेव्हा सवय लावलेलीच बरी. या आक्षेपात सवय या गोष्टीवर मोठी भिस्त आहे, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत ती खरीही आहे. पंख्याची घरघर आपल्याला पाच मिनिटांनी ऐकू येईनाशी होते ती मेंदूच्या याच कसबामुळे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शुलामाइट ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच कसब तपासले. मेंदूची प्रतिमा घेत असताना मुलांना एक नकोसा आवाज ऐकवला आणि हातावर खरखरीत लोकर घासली. ज्या ऑटिस्टिक मुलांच्या संवेदना अतितीव्र होत्या, त्यांच्या मेंदूतील भीतीशी आणि स्पर्शाशी संबंधित भागांचा प्रतिसाद इतरांसारखा पुन्हापुन्हाच्या अनुभवाने ओसरत नव्हता. अभ्यास लहान आहे, शाळकरी वयाच्या मुलांवरचा आहे, त्यातून सगळे सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. पण 'दहादा ऐकले की होईल सवय' हे ज्याच्या जिवावर म्हणायचे तेच यंत्र या मुलांत वेगळे चालते, असे तो सुचवतो. ग्रीन यांचाच आणखी एक अभ्यास ऑटिझम असलेल्या १४९ चिमुकल्यांवरचा आहे. वर्षभराच्या अंतराने दोनदा पाहिले तेव्हा आढळले की आधीच्या अतितीव्र संवेदनांवरून नंतरच्या चिंताग्रस्ततेचा अंदाज बांधता येतो. उलट दिशेने मात्र बांधता येत नाही. म्हणजे मूल भित्रे म्हणून त्याला आवाज सोसत नाही असे नसून, आवाज सोसत नाही म्हणून ते भित्रे होत जाते, अशी शक्यता जास्त. सवय लावायच्या नावाखाली जे बहुधा लावले जाते, ते म्हणजे गप्प बसण्याचे वळण. मूल ओरडायचे थांबते, आणि आपण समजतो की दुखायचे थांबले.

तरीही हा आक्षेप पूर्ण टाकून देण्यासारखा नाही. चिंतेविषयीचे संशोधन हेही सांगते की, भीतीची प्रत्येक गोष्ट कायमची टाळत गेले तर भीती वाढते आणि जग आक्रसते. ज्या घरात मुलासाठी वर्षानुवर्षे कुकर लावलेला नाही, कुणाकडे जाणे-येणे नाही, एकच पांढरा भात तीन वेळा शिजतो, त्या घराने मुलाला वाचवले असेल, पण वाढवले आहे का, हा प्रश्न विचारावा लागेल. माझे उत्तर असे की, सोय करणे आणि टाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी दुखणे थांबवायचे, मुलाचा विश्वास बसू द्यायचा, आणि मग त्याच्या हातात ताबा ठेवून पायरीपायरीने पुढे जायचे. आज कुकर दुसऱ्या खोलीतून, पुढल्या महिन्यात दारातून, मग ओट्याशेजारी, आणि 'पुरे' म्हणण्याचा किंवा तशी खूण करण्याचा हक्क दर वेळी मुलाचा. जेवणात नवा पदार्थ आधी शेजारच्या ताटलीत, मग बोटाला, मग ओठाला. याला वेळ लागतो आणि चिकाटी लागते. धाकापेक्षा यात शिस्त जास्त आहे, फक्त ती मोठ्यांनी पाळायची आहे, म्हणून ती शिस्त वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो डॉक्टरांकडूनही येतो. पुष्कळ मुले उशिरा बोलतात आणि पुढे अगदी व्यवस्थित होतात. शंकेवरूनच धावाधाव केली तर निरोगी मुलाला आजारी ठरवल्यासारखे होईल. उशिरा बोलणारी कित्येक मुले बरोबरीला येतात, हे खरे आहे. काकाचे उदाहरण खोटे नसेल. पण मी जे मागतो आहे त्यात मुलाला काही ठरवायचेच नाही. याचा पडताळा पाहायचा तर ऑस्ट्रेलियातल्या पर्थ आणि मेलबर्न इथला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. त्यात नऊ ते चौदा महिन्यांची, ऑटिझमची सुरुवातीची चिन्हे दिसणारी सुमारे शंभर बाळे घेतली होती. निदान कुणाचेच नव्हते. त्या वयात ते सहसा होतही नाही. चिठ्ठी टाकून अर्ध्या बाळांच्या घरी पाच महिन्यांत दहा वेळा प्रशिक्षित थेरपिस्ट गेली. तिने बाळाला काहीच शिकवले नाही. आईवडील बाळाशी खेळतानाचे चित्रीकरण करायचे, मग ते त्यांच्याबरोबर बसून पाहायचे: इथे बाळाने पाहिले, इथे हात हलवला, याला तुम्ही काय म्हणालात? बाळाच्या बारीकसारीक खुणा ओळखून त्यांना उत्तर द्यायला शिकणे, एवढाच सारा उपचार. तिसऱ्या वर्षी, कोणते मूल कोणत्या गटातले हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी तपासले, तेव्हा या गटात ६.७ टक्के मुलांना ऑटिझमचे निदान मिळाले, दुसऱ्या गटात २०.५ टक्के. आकडा डोळे दिपवणारा आहे, म्हणून लगेच सांगतो की मुळात हा तीन मुले आणि नऊ मुले यांतला फरक आहे, आणि मूल मोठे होईल तसे चित्र बदलूही शकते. या प्रयोगाने ऑटिझम टळतो असा डांगोरा पिटू नये. मला त्यातून घ्यायचे आहे ते इतकेच की, निदानाच्या आधी, कुठलेही नाव न देता, घरातल्या मोठ्यांनी आपली रीत बदलणे शक्य आहे आणि त्याचा मुलाला उपयोग होतो.

ऑस्ट्रेलियात जमेल, आपल्याकडे तज्ज्ञ कुठून आणायचे, असे कुणी म्हणेल. उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. गोव्यातली 'संगाथ' ही संस्था आणि पाकिस्तानातले रावळपिंडी इथे मिळून ६५ मुलांवर केलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये तज्ज्ञ थेरपिस्ट देत असलेला, याच धर्तीचा पालक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम इथे साध्या प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा बैठकांत दिला. पालकांचे मुलाच्या लयीशी जुळवून घेणे स्पष्टपणे वाढले, आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करणेही वाढले. दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र वाढण्याऐवजी कमी झाला, हेही त्याच अहवालात लिहिले आहे. असे प्रामाणिक अहवाल वाचले की जाहिराती वाचण्याची सवय सुटते. ही मुले निदान झालेली होती, एवढा फरक लक्षात घ्यावा. पण पदवीधर तज्ज्ञावाचून काही होत नाही हा समज त्यातून नक्कीच ढासळतो.

पालकांनी आपले वागणे बदलावे असे म्हटले की एक जुनी जखम उघडी पडते: म्हणजे चूक आमचीच होती का? हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे, कारण वैद्यकशास्त्राने एके काळी तसेच सांगितले होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर थंड वृत्तीच्या आईमुळे मूल मिटून जाते अशी उपपत्ती बोकाळली; ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तिला लोकप्रियता दिली. तोवर तिला उत्तरही मिळालेले होते. ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील आणि मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच ही उपपत्ती पुराव्यानिशी खोडून काढली होती. १९७७ मध्ये सुसान फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांच्या २१ जोड्या तपासल्या: एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता, वेगळ्या जुळ्यांच्या दहांपैकी एकीतही नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे त्यानंतरच्या अभ्यासांनी पक्के केले. लसींवरचा आळही असाच फोल ठरला. लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८ चा निबंध लॅन्सेटने २०१० मध्ये मागे घेतला आणि डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या पाहणीत लसीचा संबंध आढळला नाही. आपल्याकडे आता आरोपी बदलले आहेत: नोकरी करणारी आई, विभक्त कुटुंब, मोबाईल. लहान मुलाच्या हातातला मोबाईल काढून घ्यावाच, कारण बोलण्या-खेळण्याचा वेळ तो खातो. पण त्याने ऑटिझम 'झाला' असे म्हणायला आधार नाही. उपाय घरात आहे म्हणून कारणही घरात असले पाहिजे, हा तर्कच चुकीचा आहे. चष्मा आई लावून देते, म्हणून नंबर आईमुळे आला असे कुणी म्हणत नाही.

अपराधीपणाला गिऱ्हाईक बनवणारा बाजारही आहे, आणि निदानाआधीचे पालक त्याला सर्वांत लवकर सापडतात. संवेदनांच्या नावाने ब्रश, वजनदार जाकिटे, झोके, दिव्यांच्या खोल्या विकल्या जातात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या संवेदना-एकात्मीकरणाच्या विचाराने या विषयाला भाषा दिली, याचे श्रेय त्यांना आहेच. चांगली थेरपिस्ट मुलाचा नकाशा वाचायला आईपेक्षा लवकर शिकते आणि शिकवतेही. पण अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०१२ मध्ये बजावले की या उपचाराचा पुरावा मर्यादित आहे, हे पालकांना सांगितले पाहिजे. पुढे काही लहान प्रयोग अनुकूल आले, एवढेच. वजनदार पांघरुणाची ब्रिटनमध्ये नीट चाचणी झाली: मुलांना ते आवडले, आईवडिलांना आवडले, झोप मात्र वाढली नाही. आवडते म्हणून वापरावे, हरकत नाही. झोपेचे औषध म्हणून त्याचे हप्ते भरू नयेत. मूलपेशींच्या इंजेक्शनांविषयी तर बोलायलाच नको. आपल्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी त्यांची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले. कसोटी सोपी आहे. ज्या उपायात मुलाच्या रोजच्या दिवसात काय बदलले हे तुम्हाला महिन्याभरात तुमच्या वहीत दाखवता येत नाही, त्याला दुसऱ्या महिन्याचे पैसे देताना विचार करा.

मग निदान कशाला हवे? हक्कासाठी हवे, आणि त्यासाठी ते लवकर हवे. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत त्याचा समावेश झाला. प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मापनश्रेणी वापरतात तिच्यात चाळीस प्रश्न आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण; आणि त्यांत संवेदनांचा एक स्वतंत्र विभाग आहे. शाळेतल्या सोयी, दहावी-बारावीच्या परीक्षेतल्या सवलती, 'निरामय' आरोग्यविमा, सगळे त्या कागदावर अवलंबून आहे. शिवाय पुढे मोठे झालेल्या मुलालाही आपण असे का आहोत याचे उत्तर लागते, आणि कित्येकांना निदानाने हायसे वाटते. 'शिक्का बसेल' म्हणून तपासणी टाळणारे पालक मुलाला शिक्क्यापासून वाचवत नाहीत. शाळा त्याला तोवर हट्टी, मठ्ठ, वाया गेलेला असे शिक्के मारून मोकळी झालेली असते. घरातली वही इथेही कामी येते. अनोळखी खोलीत तज्ज्ञाला तासाभरात जे दिसत नाही, ते दोन आठवड्यांच्या नोंदींत दिसते.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. हे सगळे करणार कोण? बहुतेक घरांत उत्तर एकच: आई. ती नोकरी सोडते, वही तीच लिहिते, थेरपीला तीच नेते, आणि लग्नकार्यात मूल जमिनीवर आडवे पडले की चार लोकांच्या नजरा तिच्यावर. एका खोलीच्या घरात शांत कोपरा कुठून आणायचा, हेही खरे. पूर्वसूचनेला, थांबून बोलण्याला, लेबल कापण्याला जागा आणि पैसा लागत नाही, हे उत्तर अर्धेच आहे. वहीतली निम्मी पाने बाबांच्या अक्षरात असावीत, आणि आजीला बोल लावण्याआधी तिला एकदा थेरपिस्टकडे बरोबर न्यावे, एवढे घरातून व्हावे. उरलेले सरकारचे काम आहे, आणि त्याची चौकट हजर आहे. बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात, आणि विकासातला विलंब हे त्यांच्या तपासणीच्या चार मुख्य भागांपैकी एक आहे. उत्तर गोव्यासह देशात पाच ठिकाणी झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत ऑटिझमचे प्रमाण शंभरात साधारण एक निघाले. म्हणजे दोन-तीन अंगणवाड्यांत मिळून असे एखादे मूल असणार, आणि ज्यांच्याविषयी नुसती शंका आहे अशी त्याहून जास्त. शंका आलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी देताना, तारीख मिळेपर्यंत घरी काय करायचे हे सेविकेने सांगावे, यासाठी तिला गोव्यातल्या कार्यकर्त्यांसारखे प्रशिक्षण आणि त्या वेळेचे मानधन द्यावे लागेल. आहे त्या कामांवर आणखी एक फुकटचे काम म्हणून नव्हे. घराबाहेरच्या आवाजाचे तर वेगळे धोरणही लागत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. ती पाळली जाते की नाही, हे मोजण्याचे यंत्र पोलिसांकडे असते, आणि मिरवणुकीच्या दिवशी ते बाहेर काढा असे लेखी मागणारे अर्ज फक्त अशा मुलांच्या आईवडिलांकडूनच यावेत असे काही नाही.